गोळी आणि चहा यांच्यामधला तास

आमच्या छापखान्यात मुद्रितशोधनासाठी दोन माणसांची जोडी असे. एकाने मूळप्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापून आलेल्या कच्च्या प्रतीवर डोळे ठेवून चुका टिपायच्या. सव्वीस वर्षे मी टिपणारा होतो, आणि त्यांपैकी एकोणीस वर्षे माझ्यासमोर बसून वाचणाऱ्या बाई एकच होत्या. त्यांच्या आजारपणात एक चूक माझ्या हातून झाली. ती दुरुस्त करून पुन्हा छापण्याची सोय आता उरलेली नाही. म्हणून निदान ती जशी घडली तशी नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. पती वारलेले, पदरी चार वर्षांची मुलगी. थोरल्या भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या राहत. खाली भाऊ आणि वहिनी. पहिल्याच दिवशी मी त्यांना कामाचा नियम सांगितला होता, "वाचताना अर्थाकडे लक्ष द्यायचे नाही. अर्थात शिरलात की चूक निसटते. डोळ्यांना दिसेल ते आणि तेवढेच तोंडाने म्हणायचे." त्यांनी मान हलवली आणि पुढची कित्येक वर्षे आगगाड्यांची वेळापत्रके, परीक्षांचे निकाल, लघुगणकांची कोष्टके आणि शाळेची पुस्तके त्या एकाच स्वच्छ, खणखणीत सुरात वाचत राहिल्या. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद, सगळे उच्चारून. यंत्रांच्या खडखडाटातूनही त्यांचा आवाज पलीकडच्या दालनात पोहोचत असल्यामुळे यंत्रावरची मंडळी त्यांना 'कर्णा' म्हणत. बाईंना ते ठाऊक होते. चहा सांगायला उठल्या की त्या मुद्दाम दारात उभ्या राहून पुकारत, "दोन चहा, स्वल्पविराम, एक बिनसाखरेचा, पूर्णविराम." मग तिकडून कोणीतरी ओरडे, "बिनसाखरेचा कोणाचा ते सांगायला नको, मास्तरांचाच." मला तिथे सगळे मास्तर म्हणत.

मुलीच्या बाबतीत बाई कडक होत्या. त्यांच्या घरचा नियम असा की पहाटे उठायचे, तोंड धुवायचे, आणि धडा म्हणून दाखवल्याशिवाय चहा नाही. आई चुलीजवळ पाटावर बसलेली, मुलगी समोर पुस्तक मिटून उभी. खालून वहिनी हाक मारत, "अहो वन्सं, पोरीला घोटभर तरी द्या, घसा कोरडा पडला तिचा." बाई उत्तर देत, "एक परिच्छेद राहिलाय, वहिनी." मुलगी मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली, तरी तो तास मोडला नाही. धड्याऐवजी ती आईला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली, एवढाच फरक.

मुलगी एकोणिसाव्या वर्षी चार दिवसांच्या तापाने गेली.

बाई पंधराव्या दिवशी कामावर आल्या. खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला आणि विचारले, "कुठल्या पानावर आहोत?" मी पान सांगितले. त्या वाचू लागल्या. आवाज तसाच होता. मला ते फार मोठ्या धैर्याचे वाटले होते आणि मी तसे घरीही बोलून दाखवले होते.

त्यानंतर दोन वर्षांनी आवाज बदलू लागला. तो जाड झाला, मग घोगरा. वाक्याच्या शेवटी खाली बसू लागला. जे पान आठ मिनिटांत व्हायचे त्याला तेरा मिनिटे लागू लागली. इतरांना घाम येत असताना बाई खांद्यावर शाल घेऊन बसत. एकदा वेळापत्रकाची एक आख्खी ओळ त्यांनी गाळली. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "बाई, झोप घरी पूर्ण करून येत चला."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "झोपतेच आहे, मास्तर. दहा-दहा तास झोपते. उठल्यावर वाटतं, अजून झोपलेलीच आहे."

हे वाक्य ऐकून मी काय करावयास हवे होते ते आज मला कळते. तेव्हा मी पुढचे पान सरकवले.

अखेर वहिनींनीच त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर तरुण होत्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी बाईंच्या पापण्या पाहिल्या, कोपराजवळची कोरडी कातडी पाहिली, घशाला हात लावला आणि रक्त तपासायला सांगितले. चौथ्या दिवशी बाई रिपोर्ट घेऊन थेट आमच्या टेबलाशी आल्या. मी गमतीने म्हटले, "मूळप्रत आली वाटतं." त्या हसल्या आणि नेहमीच्या सवयीने वाचू लागल्या, "टीएसएच, अठ्ठेचाळीस दशांश चिन्ह सहा. कंसात, सामान्य मर्यादा, शून्य दशांश चिन्ह चार ते चार दशांश चिन्ह पाच. टी-फोर, शून्य दशांश चिन्ह चार. सामान्य मर्यादा, शून्य दशांश चिन्ह आठ ते एक दशांश चिन्ह आठ." मी दोन्ही आकड्यांभोवती तांबड्या शाईने वर्तुळे काढली. दोन्ही मर्यादेबाहेर होते, एक फार वर आणि एक फार खाली.

"एक वर नि एक खाली, म्हणजे सरासरी बरी," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांकडून वहिनी जे समजून आल्या होत्या ते त्यांनी छापखान्याच्या दारात उभे राहून मला सांगितले. गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी आळशी झाली आहे. तिने जो रस रक्तात सोडायचा त्याचे मोजमाप म्हणजे टी-फोर. आणि ती काम करत नाही म्हणून मेंदूकडून तिला जो हुकूम सुटतो त्याचे मोजमाप म्हणजे टीएसएच. "म्हणजे बघा मास्तर, सासूने हाका मारायच्या आणि सुनेने जागचं हलायचं नाही. सून जितकी ढिम्म, तितक्या सासूच्या हाका वाढत जातात. आमच्या वन्संच्या गळ्यात ढिम्म सून बसलीय." पुढे म्हणाल्या, "माझ्या सासूबाई असत्या तर त्यांना पटकन समजलं असतं."

गोळी रोज घ्यायची होती. उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पाण्याबरोबर; आणि त्यानंतर एक तास चहा, दूध, खाणे, काहीही नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासायचे होते.

मी एक फाइल केली. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, पहिल्या पानावर कोष्टक आखले. दुसऱ्या रिपोर्टमध्ये टीएसएच चौदावर आला, तिसऱ्यात पाच दशांश नऊवर. टी-फोर मर्यादेत येऊन बसला. बाईंची शाल गेली, चेहऱ्यावरची सूज उतरली, पान पुन्हा नऊ मिनिटांत होऊ लागले. यंत्राकडून एकजण येऊन सांगून गेला, "कर्णा दुरुस्त झाला म्हणायचा." त्या आठवड्यात मी फार समाधानी होतो.

त्याच सुमारास एक गोष्ट घडली. आम्ही शाळेचे एक पुस्तक तपासत होतो. बाई वाचता वाचता एका साध्या वाक्यावर थांबल्या. कोणी मुलगी दप्तर विसरून घराबाहेर पडते, असे काहीसे वाक्य होते. मी डोळे वर केले. त्या पानाकडे पाहत होत्या.

"काय झाले?"

"अर्थ लागला, मास्तर. चुकलं माझं." आणि त्या पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

मी त्या ठिकाणी फक्त एवढेच पाहिले की ओळ सुटलेली नाही.

चौथा रिपोर्ट उशिरा, चार महिन्यांनी आला. बाईंनी वाचला, "टीएसएच, एकतीस दशांश चिन्ह दोन. टी-फोर, एक दशांश चिन्ह सहा." मी त्यांना पुन्हा वाचावयास लावले. टीएसएच पुन्हा आकाशाला भिडलेला आणि टी-फोर मात्र उत्तम, जवळजवळ वरच्या टोकाला. सून झपाटून कामाला लागलेली आणि सासू तरीही ओरडतेच आहे, हे कसे शक्य आहे? माझ्या आयुष्यभराच्या अनुभवाप्रमाणे एकाच पानावर दोन आकडे एकमेकांना खोटे पाडत असतील तर त्यांतला एक चुकीचा छापलेला असतो. याहून वेगळा प्रकार मी कधी पाहिलेला नव्हता. मी टीएसएचच्या आकड्यावर काट मारली आणि समासात प्रश्नचिन्ह काढले.

"ही लॅबची चूक आहे," मी म्हणालो. "मागच्या वेळी पाच होता, तो एकतीस कसा होईल? दुसऱ्या कोणाचा आकडा तुमच्या कागदावर आला आहे."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "तुम्हाला खात्री आहे?"

"माझा हा धंदा आहे, बाई."

मी स्वतः लॅबमध्ये गेलो. तिथल्या तंत्रज्ञाने राखून ठेवलेल्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करून दाखवली; आकडे तेच आले. तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, डॉक्टरांना दाखवा, त्या सांगतील." आजोबा म्हटल्याचा मला राग आला. यंत्रच बिघडलेले असणार, असे मी ठरवले आणि परत येऊन बाईंना सांगितले, "चुकीचा कागद डॉक्टरांपुढे नेऊन त्यांचाही गोंधळ कशाला करायचा? तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासू. तोवर गोळी चालू ठेवा."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या बरं म्हणाल्या त्यात सुटका झाल्यासारखे काहीतरी होते. त्याचा अर्थ लावण्याचे माझे काम नव्हते, अशी माझी समजूत होती.

तीन महिन्यांचे पाच झाले. थंडी पडली. शाल परत आली, मग शालीवर दुसरी शाल. पान चौदा मिनिटांवर गेले. व्यवस्थापक एकदा आमच्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "मास्तर, आता सगळीकडे एकच माणूस संगणकाच्या पडद्यावर वाचतो आणि तपासतो. दोन खुर्च्यांचा हट्ट मी किती दिवस सांभाळू?" मी म्हणालो, "बाई बऱ्या होत आहेत. रिपोर्ट चांगले आहेत." हे मी खोटे बोलत नव्हतो. माझ्या कोष्टकात खरोखरच तसे होते. काट मारलेला आकडा मी कोष्टकात उतरवलाच नव्हता.

एका सकाळी बाई आल्याच नाहीत. दहाच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. त्यांच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. "वन्सं उठत नाहीयेत, मास्तर. श्वास आहे. अंग बर्फासारखं लागतंय."

रुग्णालयात त्यांना अतिदक्षता विभागात ठेवले होते. अंगाची उष्णता फारच खाली उतरलेली, नाडी चाळीसच्या आसपास. श्वासासाठी घशात नळी घातली होती. मी फाइल घेऊन गेलो होतो, कारण आजारपणात कागद व्यवस्थित असावेत असे मला वाटते. डॉक्टर बाहेर आल्या, त्यांनी बाकावर बसून फाइल उघडली आणि चौथ्या रिपोर्टवर थांबल्या. माझी तांबडी काट त्यांनी पाहिली.

"हा कागद मला कोणी दाखवला नाही."

"त्यात चूक आहे," मी म्हणालो. "दोन आकडे जुळत नाहीत."

"ते जुळत नाहीत हेच तर त्यात लिहिलंय, काका." त्यांनी आवाज चढवला नाही. "टी-फोर थोड्या दिवसांचं सांगतो. आठ-दहा दिवस नीट गोळ्या घेतल्या तर तो वर येतो. टीएसएचला खाली यायला सहा-सहा आठवडे लागतात. मागचे दोन महिने कसे गेले ते तो सांगतो. दोन्ही एकत्र वाचले तर सरळ कळतं. त्या गोळ्या घेत नव्हत्या. फक्त तपासणी जवळ आली की घेत होत्या, बहुतेक जास्तच."

वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे सून आठ दिवस कामाला लागली म्हणून सासू लगेच हाका थांबवत नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिला खात्री पटायला वेळ लागतो."

मी फाइल परत घेतली. कागद उलटसुलट झाले होते. ते मी त्या दिवशी लावले नाहीत.

बाई वाचल्या. नवव्या दिवशी नळी काढली. आवाज गेला होता तो पुढे परत आला, पण फाटलेला, कुजबुजण्यापेक्षा थोडा मोठा. घशाला नळीने इजा झाली होती. मी त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो. विचारायचे नाही असे ठरवून गेलो होतो आणि विचारले.

"गोळ्या का नाही घेतल्या?"

त्या खिडकीकडे पाहत तुटक तुटक बोलल्या. "गोळी घेतली की एक तास चहा नाही ना. तो तास तिचा होता. उपाशीपोटी पाटावर बसायचं, समोर ती उभी राहायची ती जागा रिकामी. पहिल्यांदा काही वाटायचं नाही. डोकं जडच होतं. गोळ्या लागू पडल्या आणि सगळं लख्ख दिसायला लागलं. कोणत्या शब्दाला अडखळायची ते सुद्धा. म्हणून मग उठल्या उठल्या चहा घ्यायला लागले. चहा घेतला की गोळी चालत नाही. तास संपला."

"मग तपासणीच्या आधी?"

"तुम्ही त्या कोष्टकात आकडा लिहिताना इतके खूश व्हायचात," बाई म्हणाल्या. "साठलेल्या होत्या. दोन-दोन घेतल्या. वाटलं, तुम्ही ओळखाल. कागद बघून तुम्हाला सगळं कळतं."

त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात अजून गार होता.

बाई रुग्णालयातून घरी येईपर्यंत छापखान्यातली त्यांची खुर्ची काढलेली होती. व्यवस्थापकांनी मला पत्र दाखवले. भाषा सभ्य होती, व्याकरण निर्दोष होते. तसाही तो आवाज आता टेबलापलीकडे पोहोचला नसता. मी आणखी सात महिने पडद्यावर एकट्याने वाचले आणि निवृत्त झालो.

बाई घरी परतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मी रोज सकाळी सहाला त्यांना फोन करतो. त्या गोळी घेतात, पाणी पितात, आणि मी म्हणतो, "घेतली?" त्या म्हणतात, "घेतली." मग सात वाजेपर्यंत मी त्यांना वाचून दाखवतो. आरंभी मी वर्तमानपत्र वाचत असे. काही आठवड्यांनी वहिनींच्या हाती त्यांनी एक जुने शालेय पुस्तक पाठवले. कव्हर घातलेले, आत पेन्सिलीने एका मुलीचे अक्षर. ते आमच्याच छापखान्यातले होते. आम्हीच ते तपासले होते.

वहिनींनी निरोपही सांगितला. "वन्सं म्हणाल्या, हेच वाचा. आणि विरामचिन्हांसकट वाचा, नाहीतर त्यांना झोप लागते." माझ्या घरचा जिना उतरता उतरता त्या थांबल्या. "रोज रडतात हो त्या वेळी. मी खालून ऐकते. पण गोळी चुकवत नाहीत."

चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट बाईंनी मला फोनवर स्वतः वाचून दाखवला, त्या फाटक्या आवाजात, सावकाश. टीएसएच, दोन दशांश चिन्ह नऊ. टी-फोर, एक दशांश चिन्ह दोन. दोन्ही आकडे मर्यादेत, दोन्ही एकमेकांना धरून. डॉक्टरांनी आता सहा महिन्यांनी यायला सांगितले आहे. मी आकडे लिहून घेतले.

"छान आहेत ना?" त्यांनी विचारले.

"छान आहेत."

"मग लिहा कोष्टकात. मी बरी आहे, मास्तर. बरी आहे म्हणूनच तिची आठवण इतकी येते. आजारी होते तेव्हा बरं होतं."

मी पुस्तक उघडले.

काल आम्ही बेचाळिसाव्या पानावर होतो. वाचता वाचता मला तिथे एक चूक दिसली. एक स्वल्पविराम राहून गेला होता. आम्ही दोघांनी ते पान दोनदा तपासले होते आणि तो आमच्या डोळ्यांखालून निसटला होता. त्या जागी पेन्सिलीने, लहान मुलाच्या हाताने, कोणीतरी तो घातलेला होता. मी थांबलो. बाईंना ते ठाऊक असावे. कदाचित त्या जागेची त्या वाट पाहत होत्या.

"तिथे तिने घातलाय ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"मग तो म्हणा."

"स्वल्पविराम," मी म्हणालो.

पलीकडे श्वासाचा आवाज येत राहिला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. वाचावे की थांबावे, ते मला कळेना.

"वाचा पुढे, मास्तर," बाई म्हणाल्या. "अजून दहा मिनिटं आहेत चहाला."